वर्गणी आणि हप्ता : जर्मनीस जाणाऱ्यांच्या आजारविम्याचा प्रश्न

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. परदेशी जाणाऱ्या माणसाने आजारविमा कोणता घ्यावा, हा प्रश्न अभ्यासवर्गाचा की प्रवासी दलालाच्या कचेरीतला? परंतु गेल्या काही वर्षांत पुण्यापासून इंदूरपर्यंत आणि बेळगावपासून बडोद्यापर्यंत असंख्य मराठी घरांतून मुलेमुली जर्मनीस जाऊ लागली आहेत. त्यांत कामगार वस्त्यांतली, निवृत्त शिक्षकांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या घरांतली मुलेमुली पुष्कळ आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांचा त्यात अंतर्भाव आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांना द्यावयाच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा केली. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ पासून भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे.

या सर्वांना व्हिसाच्या कागदपत्रांत आजारविम्याचा पुरावा जोडावा लागतो. घरोघरी या कागदाकडे एक औपचारिकता म्हणून पाहिले जाते. दलाल सांगेल ती, त्यातल्या त्यात स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि फाइल बंद होते. वस्तुतः जर्मनीत पोचल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत विम्यासंबंधी जी सही केली जाते, तिचे परिणाम काही बाबतींत सबंध शिक्षणकाळ आणि काही बाबतींत सबंध आयुष्य भोगावे लागतात. म्हणूनच या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे.

मेडिक्लेमची सवय

आपल्या देशात १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रत्यक्ष प्रारंभ झाला. मालक व कामगार दोघांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरावयाची आणि आजारी पडणाऱ्यास गरजेप्रमाणे उपचार मिळावयाचे, हे तिचे तत्त्व. दवाखान्यांची दुरवस्था, औषधांचा तुटवडा यांविषयी कामगारांच्या तक्रारी रास्त आहेत. परंतु तत्त्व निर्विवाद योग्य आहे. मात्र या योजनेला पगाराची मर्यादा आहे. २०१७ पासून ती दरमहा २१,००० रुपये आहे. ज्याचा पगार त्यापुढे जातो तो योजनेच्या बाहेर पडतो आणि मेडिक्लेमच्या बाजारात उभा राहतो. तेथे वय विचारले जाते, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का हे विचारले जाते, आणि त्याप्रमाणे हप्ता ठरतो.

आज परदेशी जाणाऱ्या तरुण पिढीला विमा म्हटले की हा मेडिक्लेमच आठवतो. तरुण आहोत, निरोगी आहोत, तर कमी हप्त्याची पॉलिसी घ्यावी, हा हिशेब तिला स्वाभाविक वाटतो. हीच सवय घेऊन ती जर्मनीत उतरते. तेथे दोन वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत हे तिला कोणी सांगितलेले नसते. एका पद्धतीत वर्गणी भरतात, दुसरीत हप्ता. या दोन शब्दांतला भेद समजला की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

सार्वजनिक निधींचा उगम

जर्मनीत ज्याला क्रांकेनकासे म्हणतात तो आजारनिधी मूळचा कामगारांचा. एकोणिसाव्या शतकात कारागिरांनी आणि कामगारांनी आपापसांत वर्गणी काढून साहाय्यनिधी उभारले होते. १८७८ मध्ये बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध खास कायदा करून त्यांच्या संघटना, सभा आणि वृत्तपत्रे यांवर बंदी घातली. ही बंदी १८९० पर्यंत टिकली. परंतु केवळ दडपशाहीने कामगारवर्ग शासनसंस्थेकडे वळणार नाही, हे त्या धूर्त मुत्सद्द्याच्या ध्यानात आले होते. १८८३ च्या जूनमध्ये त्याने औद्योगिक कामगारांसाठी सक्तीच्या आजारविम्याचा कायदा संमत करून घेतला. डॉक्टर व औषध मोफत, आणि आजाराच्या तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवड्यांपर्यंत निम्मा पगार, असे त्याचे स्वरूप होते. समाजवादी लोकशाही पक्षाने राइशटागमध्ये या कायद्याविरुद्ध मत दिले, कारण त्यामागचा हेतू उघड होता.

तथापि कायद्यात एक तरतूद अशी होती की जिने बिस्मार्कच्या हेतूवर मात केली. वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगाराने आणि एक तृतीयांश मालकाने भरावयाचा होता; त्यामुळे निधीच्या कारभारातही दोन तृतीयांश जागा कामगार प्रतिनिधींना मिळाल्या. पक्षावर बंदी असताना आजारनिधींच्या निवडणुका मात्र होत राहिल्या. जे कामगार सभा भरवू शकत नव्हते ते हिशेब तपासू लागले, डॉक्टरांशी करार करू लागले, कारभार चालवू लागले. स्थानिक आजारनिधी ही जर्मन कामगार चळवळीची एक शाळाच बनली. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये या निवडलेल्या प्रतिनिधींना आणि कर्मचाऱ्यांना हाकलण्यात आले, यावरून तिचे महत्त्व कळावे. युद्धानंतर १९५१ मध्ये पश्चिम जर्मनीत स्वयंशासन परत आले, परंतु बहुतेक निधींत मालक आणि विमाधारक यांना समसमान जागा देण्यात आल्या.

आजारपणातील पगाराची कथाही अशीच आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात श्लेसविग-होल्स्टाइनमधील जहाजबांधणी व धातू उद्योगांतील कामगारांनी संप पुकारला. कारकुनाला आजारपणात पूर्ण पगार मिळतो, मग कामगाराला का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ३०,००० हून अधिक कामगार ११४ दिवस संपावर होते. १९५७ मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि १९७० पासून कामगारालाही सहा आठवडे पूर्ण पगार हा कायदेशीर हक्क झाला. १९९६ मध्ये कोल सरकारने हे प्रमाण ८० टक्क्यांवर आणले तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले, आणि १९९९ मध्ये हक्क पूर्ववत झाला. आज जी परिचारिका सांगलीहून वा भिलाईहून जाऊन स्टुटगार्टच्या रुग्णालयात कामास लागते, तिला आजारपणात पहिल्या दिवसापासून जो पगार मिळतो त्यामागे हा साडेतीन महिन्यांचा संप आहे.

पूर्व जर्मनीत, म्हणजे तत्कालीन लोकशाही प्रजासत्ताकात, अनेक निधी आणि खाजगी कंपन्या अशी विभागणी नव्हती. कामगारांसाठी एकच सामाजिक विमा होता आणि त्याचा कारभार कामगार संघटनांच्या महासंघाकडे होता. वस्तीवस्तीत पॉलीक्लिनिक होते. एकीकरणानंतर १९९१ च्या प्रारंभापासून पश्चिमेची व्यवस्था तेथे लागू झाली आणि बहुसंख्य पॉलीक्लिनिक बंद पडली. पुढे २००४ पासून अनेक डॉक्टर एका छताखाली नोकरीवर ठेवणारी वैद्यकीय केंद्रे कायद्याने पुन्हा आणावी लागली.

दोन पद्धतींचा व्यवहार

आज जर्मनीतील दहांपैकी सुमारे नऊ लोक सार्वजनिक आजारनिधींत आहेत. उरलेल्यांत मुख्यतः सरकारी अधिकारी, स्वतंत्र व्यावसायिक आणि मोठ्या पगाराचे नोकरदार येतात.

सार्वजनिक निधीची वर्गणी पगाराच्या टक्केवारीने ठरते. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक निधीची स्वतःची जादा वर्गणी, जिची सरासरी २०२५ साठी २.५ टक्के धरण्यात आली होती. दोन्ही मिळून निम्मा भाग मालकाने आणि निम्मा कामगाराने भरावयाचा. शुश्रूषाविम्याची वर्गणी याखेरीज असते. समजा, एखाद्या परिचारिकेला दरमहा २,८०० युरो पगार आहे. २०२५ च्या सरासरी दराने तिच्या आजारविम्याची वर्गणी सुमारे ४७९ युरो होते. त्यांतील सुमारे २३९ युरो तिच्या पगारातून कापले जातात, तितकेच रुग्णालय भरते. तिचे वय किती, तिला दमा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. निधी तिला नाकारू शकत नाही. तिचा नवरा तेथे येऊन कमाईविना असेल तर तो, आणि मुले, एकही जादा युरो न भरता त्याच विम्यात येतात.

खाजगी कंपनीचा हप्ता पगाराशी निगडित नसतो. तो प्रवेशाच्या वेळचे वय, प्रकृती आणि निवडलेल्या सवलती यांवर ठरतो. घरातल्या प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. प्रसूती, दातांची कृत्रिम बसवणी, मानसोपचार यांसाठी साधारणतः आठ महिन्यांची प्रतीक्षा. दवाखान्याचे बिल आधी रुग्णाने भरावयाचे आणि मग कंपनीकडून वसूल करावयाचे. डॉक्टरांना खाजगी रुग्णाकडून सर्वसाधारणपणे मूळ दराच्या २.३ पट फी आकारता येते. म्हणूनच त्यांच्या दारात खाजगी रुग्णाचे स्वागत लवकर होते.

दीर्घ आजारात या दोन पद्धतींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मालकाचे सहा आठवडे संपल्यावर सार्वजनिक निधी पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत आजारभत्ता देतो. निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांहून तो अधिक असत नाही, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत तो मिळू शकतो. हे सर्व वर्गणीतच अंतर्भूत असते. खाजगी विम्यात असा भत्ता हवा असेल तर तो वेगळा हप्ता भरून विकत घ्यावा लागतो, आणि स्वस्त पॉलिसी विकणारा तो बहुधा सुचवत नाही.

निवड कोणाला आहे?

आता, जाणाऱ्यांपैकी कोणाला खरोखर निवड करावयाची असते हे पाहू.

पहिला वर्ग परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक आणि व्यवसायशिक्षण घेणारे उमेदवार यांचा. यांचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत असतो. ही मर्यादा २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो होती आणि ती दर वर्षी बदलते. तिच्या आतल्या प्रत्येक नोकरदाराला सार्वजनिक विमा सक्तीचा आहे. त्यांना खाजगी पॉलिसी घेऊन या सक्तीतून सुटता येत नाही, आणि सुटण्याचे कारणही नाही. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोणत्या निधीत जावयाचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, मालकाचा किंवा भरती करणाऱ्या संस्थेचा नाही. आणि मालकाचा निम्मा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. कपातीचा तक्ता पहिल्याच महिन्यात नीट वाचून घ्यावा. निधींनी द्यावयाच्या सेवांचा फार मोठा भाग कायद्यानेच ठरलेला आहे. फरक जादा वर्गणीच्या दरात आणि कचेरीच्या तत्परतेत असतो. बारा महिन्यांनंतर निधी बदलता येतो, आणि निधीने जादा वर्गणी वाढवल्यास त्याआधीही.

दुसरा वर्ग तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांचा. विद्यापीठात नाव दाखल झाले की विद्यार्थ्यांसाठीचा सार्वजनिक विमा त्यांना सवलतीच्या दराने मिळतो; शुश्रूषाविमा धरून तो दरमहा सुमारे १४० ते १५० युरो पडतो. खाजगी कंपन्यांच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या पॉलिसी याहून पुष्कळ स्वस्त असतात. कर्ज काढून गेलेल्या मुलाला महिन्याला वाचणारे शंभर युरो मोठे वाटतात, हे समजण्यासारखे आहे. पण ती घेण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते, आणि एकदा मिळालेली सूट त्या शिक्षणकाळात मागे घेता येत नाही. नंतर अपघात झाला, गरोदरपण आले, जुना आजार उलटला, आणि पॉलिसीत ते वगळलेले निघाले, तरी परतीचा मार्ग नाही. अशा पॉलिसींत प्रवासापूर्वीचे आजार वगळलेले असणे हे नित्याचे आहे.

तिसरा वर्ग ज्यांना खाजगी पॉलिसी घेण्यावाचून गत्यंतर नाही अशांचा. विद्यापीठापूर्वी केवळ भाषावर्गासाठी वा पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमासाठी जाणारे, तिशीनंतर प्रथमच शिकावयास जाणारे, नोकरीविना शिष्यवृत्तीवर संशोधन करणारे, आणि विमानातून उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतच्या मधल्या काळातले सर्वजण यांत येतात. यांनी किंमत शेवटी पाहावी. आधी पाहावे ते असे : जुने आजार धरले आहेत की वगळले आहेत, प्रसूती धरली आहे का, खर्चाला वरची मर्यादा आहे का, मुदत किती वर्षांची आहे, आणि व्हिसा वाढवताना परदेशी नागरिकांची कचेरी ही पॉलिसी मान्य करते का. तात्पुरत्या मुक्कामासाठीची प्रवासी पॉलिसी आणि जर्मन कायद्याला अभिप्रेत असलेला पूर्ण आजारविमा या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली दाखवून दीर्घ मुक्कामाचा परवाना मिळेलच असे नाही.

या सर्वांना आणखी एक इशारा. प्रकृतीविषयीच्या प्रश्नपत्रिकेत आजार लपवू नये. दलाल म्हणतो, “लिहू नका, कोण विचारतो?” प्रत्यक्षात मोठे बिल आल्यावरच कंपनी जुने कागद तपासते, आणि लपवालपवी आढळल्यास करार रद्द करू शकते.

अभियंत्याचा हिशेब

चौथा वर्ग मोठ्या पगाराच्या अभियंत्यांचा आणि संगणक तंत्रज्ञांचा. खऱ्या अर्थाने निवड यांनाच आहे, आणि चूक होण्याचा संभवही यांचाच अधिक.

समजा, अठ्ठावीस वर्षांच्या एका अविवाहित अभियंत्याला वर्षाला ७८,००० युरो पगार मिळाला. २०२५ च्या मर्यादेपेक्षा हा अधिक आहे. सार्वजनिक निधीत वर्गणी आकारण्यासाठी पगाराची एक कमाल रक्कम धरतात, त्यामुळे त्या वर्षीच्या सरासरी दराने त्याचा स्वतःचा वाटा दरमहा सुमारे ४७१ युरो होतो. खाजगी कंपनीचा प्रतिनिधी त्याला याहून कमी हप्ता दाखवतो, वर रुग्णालयात स्वतंत्र खोली, मुख्य डॉक्टरांकडून उपचार. मालक या हप्त्याचाही निम्मा भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, देतो. अठ्ठाविसाव्या वर्षी हा सौदा फायद्याचाच आहे. त्यात फसवणूक नाही.

परंतु जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्या अशा माणसाला सार्वजनिक निधीत स्वेच्छेने दाखल होण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. ती निघून गेली की दार बंद होते. पुढे त्याचे लग्न होते. पत्नी येते, तिला भाषा येत नाही म्हणून दोन वर्षे नोकरी नाही. तिचा वेगळा हप्ता. मूल झाले, त्याचा वेगळा हप्ता. पत्नीने नोकरी धरून ती सार्वजनिक निधीत गेली, तरी नवऱ्याचा पगार मर्यादेवर आणि तिच्याहून अधिक असेल तर मुलाला तिच्या विम्यात मोफत घालता येत नाही. वैद्यकीय खर्च वाढतो तसतसा हप्ताही वाढत जातो. म्हातारपणासाठी कंपनी काही रक्कम राखून ठेवते हे खरे. पण सार्वजनिक निधीत परतायचे झाल्यास ती रक्कम बरोबर नेता येत नाही.

पंचावन्न वर्षांपूर्वी पगार मर्यादेखाली आला तर सार्वजनिक विमा पुन्हा सक्तीचा होतो, म्हणजे परतीचा मार्ग खुलतो. पंचावन्ननंतर मात्र, आधीची पाच वर्षे सार्वजनिक निधीबाहेर काढलेल्या माणसाला तो मार्ग जवळजवळ बंद आहे. निवृत्तांसाठीच्या सार्वजनिक विम्यात हक्काने जागा मिळण्यासाठी कामाच्या आयुष्याच्या उत्तरार्धातील नऊ दशांश काळ सार्वजनिक विम्यात गेलेला असावा लागतो. निवृत्तिवेतन पगाराच्या मानाने कमी असते. सार्वजनिक निधीत वर्गणी उत्पन्नाबरोबर खाली येते, खाजगी कंपनीत हप्ता उत्पन्नाकडे पाहत नाही. २००९ पासून खाजगी कंपन्यांना एक मूलभूत पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्या हप्त्याला सार्वजनिक निधीच्या कमाल वर्गणीइतकी मर्यादा आहे, परंतु सामान्य निवृत्ताला तीही जड जाते.

जो तीनचार वर्षांत परतणार हे निश्चित आहे, एकटा आहे, निरोगी आहे, त्याला खाजगी विमा परवडेलही. पण जाताना तीनचार वर्षे म्हणून गेलेले कितीजण परतले, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीतल्या घरांकडे पाहून ठरवावे.

सार्वजनिक निधीतील उणिवा

सार्वजनिक निधींचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळण्यास तेथे आठवडे, कधी महिने लागतात, आणि त्याच डॉक्टराकडे खाजगी रुग्ण आधी आत जातो. औषधावर किमतीच्या दहा टक्के, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो रुग्णाला भरावे लागतात. रुग्णालयात दिवसाला १० युरो, वर्षात २८ दिवसांपर्यंत. या भरण्यांना वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्के, आणि दीर्घ आजार असलेल्यांना १ टक्का अशी मर्यादा आहे. पण ती गाठली की पुढच्या भरण्यातून सूट मागून घ्यावी लागते, हे नवख्यांना ठाऊक नसते. दातांच्या मोठ्या कामाचा काही भागच निधी देतो. जादा वर्गणीचा दर वाढतच चालला आहे.

या उणिवांचे एक कारण व्यवस्थेच्या रचनेतच आहे. सर्वांत अधिक पगार असलेल्या आणि तुलनेने निरोगी लोकांना सामायिक निधीतून बाहेर पडण्याची मुभा आहे. आपल्या कामगार राज्य विम्यात मर्यादा ओलांडणाऱ्याला बाहेर जावेच लागते. जर्मनीत त्याला बाहेर जाता येते. दोन्हीकडे परिणाम एकच : ज्यांची वर्गणी सर्वांत मोठी झाली असती तेच निधीत नसतात, आणि ज्यांच्या तक्रारीला सत्ताधारी कान देतात ते दुसऱ्या दाराने डॉक्टरांकडे जातात. सर्व नागरिकांसाठी एकच विमा असावा ही मागणी जर्मनीतील समाजवादी लोकशाही पक्ष, हरित पक्ष आणि डावा पक्ष वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ती अद्याप प्रत्यक्षात आलेली नाही.

जाणाऱ्यांना काय सांगावे?

येथे बसलेल्या कॉम्रेड्सपैकी अनेकांच्या घरचे, शेजारचे, संघटनेतल्या सहकाऱ्याचे कोणी ना कोणी जाणारच आहे. त्यांना पुढील गोष्टी स्पष्टपणे सांगता येतील.

सार्वजनिक निधीचे दार ज्याला उघडे आहे त्याने, सबळ कारण नसेल तर, ते स्वतःच्या हाताने बंद करू नये. कोणत्याही सूटपत्रावर, ते जर्मन भाषेत असेल तर विशेषतः, अर्थ समजल्याखेरीज सही करू नये. तीन महिन्यांची मुदत घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मधल्या काळासाठी खाजगी पॉलिसी घ्यावीच लागेल. ती तेवढ्याच काळापुरती असावी. आईवडिलांना तेथील कौटुंबिक विम्यात घालता येत नाही. ते भेटीला गेले तर त्यांच्यासाठी व्हिसाच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ३०,००० युरोंची प्रवासी पॉलिसी काढावी लागते, आणि साठीपुढच्या माणसांचे जुने आजार तीत बहुधा वगळलेले असतात. आणि कामावर रुजू झाल्यावर तेथील कामगार संघटनेचे सभासद व्हावे. आजारनिधींच्या कारभारासाठी दर सहा वर्षांनी सामाजिक निवडणुका होतात, शेवटच्या २०२३ मध्ये झाल्या. त्यांत विमाधारकाला राष्ट्रीयत्व न पाहता मत देता येते, हेही फार थोड्यांना माहीत असते.

दोन दारांतून एकाची निवड करताना तरुण माणूस आजच्या स्वतःकडे पाहतो. अठ्ठावीस वर्षांच्या निरोगी अभियंत्याची वर्गणी आज कोणा वृद्ध सुताराच्या शस्त्रक्रियेकडे जाते, हे खरे आहे. सांगलीच्या परिचारिकेची वर्गणीही तशीच जाते. तो सुतार तिशीत असताना त्याची वर्गणी त्याच्याआधीच्या पिढीकडे गेली होती, आणि अभियंता साठीला पोचेल तेव्हा त्याची शस्त्रक्रिया कोण्या नव्या तरुणाच्या वर्गणीतून होणार आहे. हप्ता भरणाऱ्याला हे देणेघेणे टाळता येते. मात्र म्हातारपणी त्याच्या बाजूने उभे राहावयास कंपनीच्या करारपत्राखेरीज काही नसते. वर्गणीचा अर्थ कामगार संघटनेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. घरातून निघणाऱ्या मुलामुलींना तो एकदा नीट समजावून सांगितला, तर विमानतळावर दिलेल्या इतर सर्व उपदेशांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.